पोटातल्या बाळाच्या अंडाशयात सिस्ट दिसली तर: स्कॅनपासून पहिल्या वाढदिवसापर्यंत काय करायचं

३२व्या आठवड्याच्या स्कॅनला येणाऱ्या आया बहुतेक निर्धास्त असतात. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला बाळाचे अवयव तपासणारा अनॉमली स्कॅन कधीच पार पडलेला असतो. आता वजन, गर्भजल आणि बाळाचं डोकं खाली आलंय का, एवढंच बघायचं असतं. मी प्रोब फिरवत बाळाच्या पोटापाशी येते आणि मूत्राशयाच्या शेजारी आणखी एक काळा, गुळगुळीत कडेचा गोल दिसतो. मापं घ्यायची म्हणून मी बोलायची थांबते. तेवढ्या दहा-पंधरा सेकंदांत आईने श्वास रोखून धरल्याचं माझ्या हाताला कळतं. डॉक्टर गप्प झाले म्हणजे काहीतरी वाईट, हे तिला वेगळं सांगावं लागत नाही.

या सिस्टबद्दल, म्हणजे अंडाशयातल्या पाण्याने भरलेल्या गाठीबद्दल, पालकांना दोन गोष्टी कळायला हव्यात, आणि त्या सहसा एकत्र सांगितल्या जात नाहीत. निम्म्याहून जास्त गाठी आपोआप जिरतात; लहान आणि साध्या गाठींत तर हे प्रमाण आणखी चांगलं असतं. मात्र ज्या जिरत नाहीत त्यांतल्या काहींना पीळ बसतो, म्हणजे देठ मुरगळून रक्तपुरवठा तुटतो, आणि मुलीचं त्या बाजूचं अंडाशय, म्हणजे ओव्हरी, निकामी होऊ शकते. पहिलीच गोष्ट कानावर पडली की लोक पुढचे स्कॅन चुकवतात. दुसरीच पडली की तान्ह्या बाळाच्या ऑपरेशनची तारीख विचारतात. मधली वाट मोजत थांबण्याची आहे. कधी, काय आणि कशासाठी मोजायचं, ते पुढे सांगते.

ही गाठ येते कुठून

मुलीचं अंडाशय आईच्या पोटातच कामाला लागलेलं असतं. तिच्या स्वतःच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येणारं एफएसएच, आईचं इस्ट्रोजेन आणि वारेतून येणारं एचसीजी या तीन हार्मोन्सचा मारा त्या इवल्या अवयवावर होत असतो. त्याने छोटी फॉलिकल्स, म्हणजे बीजांभोवतीच्या पाण्याच्या पिशव्या, फुगतात. २ सेंटिमीटरपर्यंतचं फॉलिकल आम्ही आजार मानतच नाही. त्यापुढे फुगलं की त्याला सिस्ट म्हणतो. हा मारा शेवटच्या तिमाहीत जोरात असतो, म्हणूनच ही गाठ बहुधा २८ आठवड्यांनंतर दिसते आणि २० आठवड्यांच्या स्कॅनमध्ये तिचा मागमूस नसतो. ‘मग तेव्हा कसं दिसलं नाही?’ असा राग पुष्कळांच्या मनात असतो. बहुतेक वेळा उत्तर साधं आहे: तेव्हा ती नव्हतीच.

आईने काय खाल्लं, किती काम केलं, कुठली गोळी चुकली, याचा इथे संबंध नाही. मुलीला पुढे पीसीओडी होणार असाही याचा अर्थ नाही. कॅन्सरची भीती बहुतेक घरांत कुणीतरी दबक्या आवाजात बोलून दाखवतंच. गर्भातल्या अंडाशयाच्या सिस्टमध्ये कॅन्सर निघणं अत्यंत दुर्मीळ आहे. बाकी सगळा स्कॅन नीट असेल आणि ही एकटीच गाठ असेल, तर तिचा गुणसूत्रांच्या दोषांशी संबंध जोडला जात नाही. केवळ तिच्यासाठी गर्भजल काढून तपासायची गरज नसते.

पहिली पायरी: ही गाठ अंडाशयाचीच आहे ना?

घाई न करता सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे, कारण बाळाच्या पोटात पाण्याने भरलेली काळी गोल वस्तू पुष्कळ कारणांनी दिसू शकते. निदान चार गोष्टींच्या आधाराने होतं: बाळ मुलगी आहे, गाठ खालच्या पोटात मध्यरेषेच्या एका बाजूला आहे, दोन्ही मूत्रपिंडं आणि मूत्राशय वेगळं आणि व्यवस्थित दिसतंय, आणि जठर-आतडीही नीट आहेत. (जिथे जन्माआधी बाळाचं लिंग सांगायला कायद्याने बंदी आहे तिथे अहवालात ‘पोटातील सिस्ट’ इतकंच लिहिलेलं असू शकतं. देखरेखीसाठी लागणारी सगळी मापं त्यातही असतात. त्यापलीकडे डॉक्टरांना विचारू नका आणि त्यांना अडचणीत आणू नका.)

मूत्राशय ओळखणं सोपं आहे. ते थोड्या थोड्या वेळाने भरतं आणि रिकामं होतं, आणि रक्ताचा प्रवाह दाखवणारा डॉप्लर लावला की त्याच्या दोन्ही बाजूंनी नाळेच्या दोन रक्तवाहिन्या लाल-निळ्या रेघांसारख्या जाताना दिसतात. म्हणून तुम्हाला अर्ध्या तासाने परत टेबलावर झोपवलं तर घाबरू नका, मूत्राशय रिकामं होण्याची वाट बघत असतील. सुजलेलं मूत्रपिंड पाठीच्या कण्याला लागून असतं. आतड्याची जोडगाठ, म्हणजे ड्युप्लिकेशन सिस्ट, असेल तर तिची भिंत दोन पदरी दिसते आणि धीर धरून पाहिलं तर हलतेही. पित्तनलिकेची सिस्ट यकृताखाली असते. योनीमार्गात पाणी साठलं असेल तर ती गाठ मूत्राशयाच्या मागे, बरोबर मध्यावर असते, आणि तिचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. त्यामुळे गाठ मध्यरेषेवर असेल तर मी ‘अंडाशयाची’ असा शिक्का मारत नाही. गाठ २० आठवड्यांच्या आसपासच दिसली असेल तरीही आधी इतर कारणं शोधते.

एक खूण मात्र फार मोलाची आहे. मोठ्या काळ्या गोलाच्या आत, भिंतीला चिकटून, एक छोटा पातळ कडेचा बुडबुडा. त्याला डॉटर सिस्ट म्हणतात. तो दिसला की गाठ अंडाशयाचीच, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं, कारण तो शेजारचंच फुगलेलं दुसरं फॉलिकल असतो. नाही दिसला तर निदान खोटं ठरत नाही; तो सगळ्यांत नसतोच.

गाठ गेल्या वेळी उजवीकडे होती आणि आज नाभीच्या वर सापडली, असंही होतं. हा मोजणाऱ्याचा गोंधळ असेलच असं नाही. बाळाचं ओटीपोट इतकं लहान असतं की अंडाशय वरच, पोटाच्या पोकळीत असतं आणि लांबट देठावर लोंबतं. गाठ फिरते हीसुद्धा ती अंडाशयाची असल्याची एक खूण आहे. आणि हाच लांबट देठ पुढच्या सगळ्या काळजीचं मूळ आहे.

एवढं करूनही उगम कळला नाही तर फीटल मेडिसिनच्या, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या आजारांच्या, तज्ज्ञाकडे एकदा दाखवावं. क्वचित गर्भाचं एमआरआय मदतीला येतं, पण प्रत्येकीला त्याची गरज नसते.

दुसरी पायरी: किती मोठी, आणि आतून कशी

अहवाल हातात आला की दोन गोष्टी शोधा. आकार आणि रूप.

रूपाची विभागणी १९८८ साली नुसबॉम आणि सहकाऱ्यांनी मांडली आणि आजही आम्ही तीच वापरतो. साधी सिस्ट म्हणजे पातळ भिंत, आत निखळ काळं पाणी, एकच कप्पा. कॉम्प्लेक्स सिस्ट म्हणजे आत काहीतरी घडून गेलेलं. गढूळ पाणी भांड्यात ठेवलं की गाळ तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाण्याची रेघ उमटते, अगदी तशी रेघ आत दिसते. कधी रक्ताची गुठळी आकसून एका बाजूला बसलेली, कधी जाळीसारखे पडदे, कधी भिंत जाड आणि पांढरीफटक. या रूपाचा अर्थ बहुतेक वेळा पीळ बसून गेला किंवा आत रक्तस्राव झाला असा असतो. ‘कॉम्प्लेक्स’ हा शब्द वाचून लोकांच्या डोळ्यासमोर ट्यूमर येतो. इथे त्याचा अर्थ तसा नाही.

आकारात ४ सेंटिमीटर, म्हणजे ४० मिलिमीटर, हा आकडा सगळीकडे वापरला जातो. त्याहून लहान साधी गाठ जिरण्याची शक्यता चांगली, त्याहून मोठीत पीळ बसण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. साडेनऊशेच्या आसपास गर्भांची माहिती एकत्र करून झालेल्या एका आढाव्यात निम्म्याहून थोड्या अधिक गाठी जन्माआधी किंवा नंतर जिरल्या आणि पाचातल्या साधारण एका गाठीला पीळ बसलेला आढळला. पण ४ ही लक्ष्मणरेषा नव्हे. पीळ देठाला बसतो, आणि लहान गाठीचा देठही लांब असू शकतो. म्हणून ३२ मिलिमीटरच्या गाठीलाही पुढचा स्कॅन हवाच.

साधी गाठ लहान असेल तर तिचा बाळाला काहीच त्रास नसतो. फार मोठी झाली तर आतड्यावर दाब येऊन गर्भजल वाढू शकतं, मूत्रवाहिनी दाबली जाऊ शकते, आणि अगदी विरळ प्रसंगी छातीवर दाब येतो. गाठीत बराच रक्तस्राव झाल्याची शंका असेल तर बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीतल्या रक्ताचा वेग डॉप्लरवर मोजून रक्त कमी झालंय का याचा अंदाज घेता येतो.

तिसरी पायरी: आईच्या तपासण्या

हे थोडक्यात. वार मोठी असली की एचसीजी जास्त बनतं, म्हणून मधुमेह, गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आणि आरएच विसंगती (आई आणि बाळाच्या रक्तगटांतली) या तिघांत अशा सिस्ट जास्त दिसतात. साखर, रक्तदाब, रक्तगट आणि लागल्यास अँटीबॉडीची तपासणी झालेली आहे ना, एवढं बघून घ्या. झाली असेल तर परत करायचं कारण नाही. गाठ जिरावी म्हणून आईला द्यायचं औषध किंवा पथ्य अस्तित्वात नाही. तसं कुणी देऊ केलं तर घेऊ नका.

चौथी पायरी: पुढचे स्कॅन आणि एक वही

साध्या गाठीसाठी दर २ ते ३ आठवड्यांनी स्कॅन पुरतो. गाठ ४ सेंटिमीटरच्या आसपास असेल किंवा वाढत असेल तर अंतर कमी करतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जोडपं ३८व्या आठवड्यात आलं. ३१ आठवड्यांना दुसरीकडे झालेल्या स्कॅनच्या अहवालात शेवटच्या ओळीत सिस्टचा उल्लेख होता, ‘काही नाही, जाईल’ असं त्यांना तोंडी सांगितलं गेलं होतं, आणि मधले सात आठवडे कुणीही पाहिलं नव्हतं. मी पाहिलं तेव्हा आत गाळाची रेघ होती. लवकर कळलं असतं तर ती ओव्हरी वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. पण त्यांना निर्णयाची संधीच मिळाली नाही, ही गोष्ट मला अजूनही बोचते. तेव्हापासून मी पुढची तारीख अहवालातच लिहून देते आणि तुम्हीही ती मागून घ्या.

एक साधी वही ठेवा. प्रत्येक स्कॅननंतर एक ओळ. अशी:

‘३१ आठवडे. उजवीकडे. ३४ × ३१ × ३० मिमी. साधी. आत छोटा बुडबुडा. गर्भजल नॉर्मल.’
‘३३ आठवडे ४ दिवस. पोटाच्या मध्याकडे सरकलेली. ३६ × ३३ × ३० मिमी. साधी. गर्भजल नॉर्मल.’

या दोन ओळींत गाठ २ मिलिमीटरने ‘वाढली’ असं वाटेल. तसं समजू नका. बाळ वळलेलं असतं, कोन बदलतो, मोजणारा हात बदलतो. दोन-तीन मिलिमीटरचा फरक त्यातच जातो. शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच व्यक्तीकडून स्कॅन करून घ्यावा तो यासाठी. लक्ष द्यायचं ते तीन बदलांकडे: आकार सलग दोन वेळा ठळकपणे वाढणं, साधं रूप कॉम्प्लेक्स होणं, आणि गर्भजल वाढणं. यातला दुसरा बदल सगळ्यात महत्त्वाचा.

पोटात असताना पीळ बसला तर आईला काहीही जाणवत नाही. बाळाच्या हालचालीही बहुधा तशाच राहतात. त्यामुळे घरी बसून तो ओळखायचा उपाय नाही, आणि रात्र-रात्र जागून पोटावर हात ठेवण्याची शिक्षा कुणी स्वतःला देऊ नये. हालचालींवर जेवढं लक्ष इतर गर्भवतींनी ठेवायचं तेवढंच तुम्हीही ठेवा.

आणि समजा ३३व्या आठवड्यात गाठ कॉम्प्लेक्स दिसली. ‘मग लगेच बाळ बाहेर काढा,’ असं म्हणावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण पीळ कधी बसला हे आपल्याला माहीत नसतं. स्कॅनमध्ये गाळ दिसेपर्यंत ते अंडाशय बहुधा गेलेलं असतं. ते वाचवण्याच्या अंधूक आशेवर बाळाला सात आठवडे आधी जन्माला घालणं म्हणजे तिची फुप्फुसं आणि मेंदू पणाला लावणं. बहुतेक तज्ज्ञ इथे दिवस भरेपर्यंत थांबतात, आणि मला तेच बरोबर वाटतं.

पाचवी पायरी: पोटात असतानाच सुई घालून पाणी काढावं का

मोठ्या साध्या गाठीच्या बाबतीत हा प्रश्न येतोच. सोनोग्राफीच्या नजरेखाली आईच्या पोटातून बारीक सुई बाळाच्या गाठीत नेऊन पाणी ओढून घेतात. गाठ लहान झाली की पीळ बसण्याची शक्यता कमी होईल, असा त्यामागचा विचार. काढलेल्या पाण्यात इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) भरपूर सापडलं तर ती अंडाशयाचीच होती हेही पक्कं होतं.

दुसऱ्या बाजूला, पाणी परत भरू शकतं, कळा सुरू होऊ शकतात, जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव होऊ शकतो, आणि निदानच चुकलं असेल तर सुई भलत्याच अवयवात जाते. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१८ साली छापून आलेल्या चाचणीत ६१ गर्भवतींना चिठ्ठ्या टाकाव्या तसं दोन गटांत वाटलं: काहींच्या बाळाच्या गाठीतलं पाणी काढलं, काहींचं फक्त निरीक्षण केलं. जन्मानंतर काही ना काही हस्तक्षेप लागण्यात दोन्ही गटांत ठाम फरक सिद्ध झाला नाही. मात्र पाणी काढलेल्या गटात गाठी पोटातच जिरण्याचं प्रमाण जास्त आणि अंडाशय काढावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. ६१ ही संख्या लहान आहे, पण जी आहे ती नीट केलेली तुलना आहे.

माझं मत असं: गाठ साधी आहे, ४ सेंटिमीटरहून मोठी आहे किंवा भराभर वाढते आहे, ती अंडाशयाचीच असल्याची खात्री आहे, आणि अशा प्रक्रियांचा हात असलेला तज्ज्ञ उपलब्ध आहे, या चारही गोष्टी जुळल्या तर पालकांनी या पर्यायाबद्दल जरूर बोलावं. यातली एक जरी जुळत नसेल तर थांबावं. कॉम्प्लेक्स गाठीत सुई घालून फायदा नाही, कारण जे वाचवायचं होतं ते बहुधा आधीच गेलेलं असतं.

सहावी पायरी: बाळंतपण कुठे आणि कसं

सिस्ट आहे म्हणून सिझेरियन करायचं नसतं, आणि तारखेआधी कळा आणायच्याही नसतात. गाठ इतकी मोठी असेल की बाळाचं पोट अडेल किंवा ती फुटेल, तरच प्रसूतीच्या पद्धतीचा वेगळा विचार होतो, आणि तसं फार क्वचित घडतं. लहान साध्या गाठीसाठी तुम्ही ठरवलेलं हॉस्पिटल बदलायचं कारण नाही. मोठी किंवा कॉम्प्लेक्स असेल तर जिथे नवजात बाळांचा विभाग आहे आणि लहान मुलांचे सर्जन बोलावता येतात असं ठिकाण निवडा. त्या सर्जनना बाळंतपणाआधी एकदा भेटून या. नवव्या महिन्यात निवांतपणे विचारलेले प्रश्न आणि दोन दिवसांची ओली बाळंतीण असताना विचारलेले प्रश्न यांत फार फरक असतो.

वही आणि सगळे अहवाल बाळंतपणाच्या पिशवीत वरच ठेवा. बालरोगतज्ज्ञांना सिस्टचं पहिल्याच दिवशी सांगा. रडणाऱ्या, गुलाबी, व्यवस्थित दूध ओढणाऱ्या बाळाकडे बघून ती कुणाच्या लक्षात येणार नाही.

सातवी पायरी: जन्मानंतरचे महिने

पहिली सोनोग्राफी पहिल्या आठवड्यात. गाठ मोठी किंवा कॉम्प्लेक्स असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत. त्यानंतर साधारण दर ४ ते ६ आठवड्यांनी, ती जिरेपर्यंत.

एक युक्ती सांगते. बाळाला स्कॅनच्या आधी पाजून आणा. पोट भरलं की ती पेंगते, आणि मूत्राशय भरलं की त्याच्या पाण्यातून पलीकडचं अंडाशय आरशासारखं स्वच्छ दिसतं. लंगोट सोडल्यावर गार जेल लागलं की पुष्कळ मुली शू करून टाकतात आणि आमची खिडकीच बंद होते. म्हणून मी जेल कोमट करून घेते आणि सगळ्यात आधी ओटीपोट बघते. एकदा सहा आठवड्यांची एक मुलगी आईच्या मांडीवर, अंगावर पीत असतानाच मी तपासली. ४२ मिलिमीटरची गाठ १९ वर आली होती आणि शेजारी दोन-तीन मिलिमीटरची फॉलिकल्स मण्यांसारखी दिसत होती. जिवंत अंडाशयाचं चित्र असंच असतं.

आईची आणि वारेची हार्मोन्स जन्मानंतर काही दिवसांत ओसरतात, म्हणून बहुतेक गाठी ६ महिन्यांपर्यंत जातात. काहींना वर्ष लागतं. कारण आईची हार्मोन्स गेली तरी मुलीचं स्वतःचं एफएसएच पहिल्या काही महिन्यांत पुन्हा वर जातं. तेव्हा तीन महिन्यांना गाठ तशीच दिसली, तर एवढ्यावरून ऑपरेशनकडे धावू नये. अंगावरचं दूध बंद करायचं काहीच कारण नाही. लसी ठरल्या वेळेला द्याव्या. टाचेतून रक्त घेऊन होणारी थायरॉइडची तपासणी मात्र चुकवू नका. जन्मजात थायरॉइड कमी असणं हे अशा सिस्टमागचं एक विरळ, पण सहज उपचार होणारं कारण आहे.

पहिल्या आठवड्यात लंगोटावर रक्ताचा थोडा डाग दिसणं किंवा छाती किंचित सुजणं हे सिस्ट नसलेल्या मुलींतही होतं. आईच्या हार्मोन्सचा तो उतार आहे, दोन-चार दिवसांत थांबतो.

पुढच्यांपैकी काहीही दिसलं तर मात्र पुढच्या स्कॅनची वाट न बघता, दिवस असो वा रात्र, हॉस्पिटल गाठायचं:

– हिरवी उलटी, किंवा प्रत्येक दुधानंतर उलटी
– कशानेही शांत न होणारं, थांबून थांबून येणारं तीव्र रडणं
– पोट टणक आणि फुगलेलं, हात लावला की कळवळणं
– अचानक दूध सोडणं, पांढरं पडणं, मलूल होणं, ताप

तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: ‘हिच्या अंडाशयात सिस्ट आहे, पीळ बसला असेल का?’ पोटदुखीचं बाळ म्हणून थेंब देऊन घरी पाठवलं जाण्याचा धोका या एका वाक्याने टळतो. घरी मात्र गाठ हाताला लागते का म्हणून पोट दाबून बघू नका.

आठवी पायरी: शस्त्रक्रिया लागलीच तर

त्रास होत असेल, पीळ बसल्याची शंका असेल, मोठी साधी गाठ ४-५ सेंटिमीटरच्या वर तशीच टिकून किंवा वाढत असेल, किंवा निदानाबद्दलच शंका असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. पोटातच कॉम्प्लेक्स झालेल्या पण बाळाला काही त्रास न देणाऱ्या गाठीबद्दल डॉक्टरांत दोन मतं आहेत. काही जण ती काढून टाकतात. काही जण वाट बघतात, कारण त्याही आकसत जातात. कधी पिळाने सुकलेली गाठ देठापासून सुटून पोटात सुटी फिरते, कॅल्शियम साठून कडक होते. त्रास नसेल आणि प्रत्येक स्कॅनला ती लहान होत असेल तर वाट बघणं मला पटतं. तान्ह्या बाळाला भूल देणं ही लहान गोष्ट नाही.

ट्यूमर मार्करच्या, म्हणजे गाठ कॅन्सरची असू शकते का याचा अंदाज देणाऱ्या, रक्ततपासणीचा अहवाल बघून घाबरू नका. अल्फा फीटोप्रोटीन सगळ्याच नवजात बाळांत खूप वाढलेलं असतं आणि हळूहळू उतरतं. मोठ्या माणसांच्या आकड्यांशी त्याची तुलना चालत नाही.

शस्त्रक्रिया आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून होते. सर्जनना एक प्रश्न स्पष्ट विचारा: ‘गाठ काढताना अंडाशय ठेवणार ना?’ साध्या गाठीत पाणी काढून भिंतीचा भाग कापता येतो किंवा गाठ सोलून काढता येते, आणि अंडाशयाची पातळ पापुद्र्यासारखी ताणलेली ऊती मागे ठेवता येते. ती स्क्रीनवर दिसेनाशी वाटते, पण तिच्यातच पुढची बीजं असतात. ताजा पीळ असेल तर आधी तो सोडवतात. सोडवल्यावर अंडाशय निळं-काळं दिसलं तरी ते मेलेलं असेलच असं नाही. पुष्कळदा ते सावरतं. म्हणून रंगावर निर्णय घेऊ नये, हा आग्रह धरायला पालकांनी संकोचू नये. पूर्ण सुकलेल्या, सुटलेल्या गाठीत मात्र वाचवायला काही उरलेलं नसतं. दुसऱ्या बाजूचं अंडाशय नीट पाहिलं का, हेही विचारा आणि उत्तर ऑपरेशनच्या नोंदीत लिहून मागा.

एक अंडाशय गेलं तर

दुसरं नीट असेल तर मुलीची वाढ, पाळी आणि पुढे आई होण्याची शक्यता यांत सहसा अडचण येत नाही. पण तिच्याकडे आता एकच अंडाशय आहे, ही माहिती तिच्यासोबत आयुष्यभर राहायला हवी. शाळकरी वयात किंवा पुढे कधीही तिच्या पोटात एकाएकी जोरात दुखलं, उलट्या झाल्या, तर तपासणाऱ्याला हे पहिल्या मिनिटाला कळलं पाहिजे, कारण त्या उरलेल्या अंडाशयाला पीळ बसला असेल तर तासांचा हिशेब असतो.

म्हणून एक फाईल करा. तुमची वही, जन्मानंतरचे सगळे स्कॅन, गाठ जिरली असेल तर ‘आता दिसत नाही, दोन्ही अंडाशयं नॉर्मल’ असं लिहिलेला शेवटचा अहवाल, आणि शस्त्रक्रिया झाली असेल तर ऑपरेशनची नोंद व पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. थर्मल कागदावरचे सोनोग्राफीचे फोटो काही वर्षांत पुसट होतात. त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि प्रत्येकाच्या खाली तारीख लिहा. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की एकदा तिच्या शेजारी बसून ती फाईल उघडा आणि कुठल्या बाजूचं काय झालं ते तिला तिच्या शब्दांत सांगता येईपर्यंत समजावून द्या.